व्हर्च्युअल मशीनमधला कॉम पोर्ट काल चालत होता, आज का नाही?

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत ही जोडणी दिसते. मशीनवरची जुनी पीएलसी (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) अजून ठणठणीत आहे, पण तिचा प्रोग्राम उघडणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला आणि नव्या लॅपटॉपला नऊ पिनांचा सिरीयल पोर्टच (विंडोजच्या भाषेत कॉम पोर्ट) येत नाही. मग नव्या विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात एक्सपी, आणि बाहेर यूएसबी-टू-सिरीयल केबल. एकदा जुळलं की महिनोन्‌महिने चालतं. आणि नेमकं लाइन बंद पडल्यावर, सुपरवायझर मागे उभा असताना, ‘कम्युनिकेशन एरर’.

अशा वेळी बहुतेक जण बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) बदलून पाहतात, मग केबल बदलतात, मग एक्सपी परत टाकतात. काल चाललेली जोडणी आज बॉड रेटमुळे बंद पडत नाही, कारण बॉड रेट रात्रीतून आपोआप बदलत नाही. बदलतात त्या दोनच गोष्टी: पोर्ट या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, आणि जोडणीचं टोक आधी कोणी उघडलं. आधी त्यांची चौकशी करायची.

(खाली पाथ आणि नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा.)

होस्टचा नंबर वेगळा, गेस्टचा वेगळा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. होस्टवर, म्हणजे खऱ्या लॅपटॉपवर, केबल कॉम७ म्हणून दिसते. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘सिरीयल पोर्ट्स’ या पानावर पोर्ट १ चालू करून नंबर कॉम१ ठेवलेला असतो, मोड ‘होस्ट डिव्हाइस’ आणि खालच्या रकान्यात कॉम७. यातला कॉम१ हा गेस्टला, म्हणजे आतल्या एक्सपीला, दिसणारा नंबर आहे आणि कॉम७ हा होस्टचा. एक्सपीतल्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम७ शोधत बसलात तर तो कधीच सापडणार नाही.

आता केबल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावा. सीएच३४० किंवा पीएल२३०३ चिपच्या बऱ्याच स्वस्त केबलांना स्वतःचा सिरीयल नंबर नसतो, त्यामुळे विंडोज केबल ओळखतं ती खाचेवरून. खाच बदलली की नवी केबल समजून नवा कॉम नंबर देतं. काल कॉम७ होता, आज कॉम९ झाला. व्हर्च्युअलबॉक्स मात्र अजून कॉम७ मागतोय आणि तो नाही म्हणून मशीन सुरूच होत नाही, किंवा पोर्ट उघडता येत नाही अशी चूक दाखवतो. एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या केबलांमध्ये सहसा नंबर भरलेला असतो, म्हणून त्या कुठेही लावल्या तरी तोच कॉम नंबर टिकतो. या एका कारणासाठी जास्त पैसे देऊन एफटीडीआय घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वस्त केबलच वापरायची असेल तर खाच ठरवून टाका आणि त्यावर मार्करने खूण करा. नंबर स्वतः ठरवायचा असेल तर डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट्स, केबलचं प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड. तिथे हवा तो नंबर ‘इन यूज’ दिसला तर घाबरू नका, तो बऱ्याचदा कधीकाळी लावलेल्या केबलने अडवून ठेवलेला असतो. व्ह्यू मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ केलं की ती भुतं फिक्या रंगात दिसतात. ती अनइन्स्टॉल करा, नंबर मोकळा होतो.

नंबर शक्यतो ९ किंवा त्याखालचाच ठेवा. विंडोजमध्ये कॉम१० पासून पुढचे पोर्ट नुसत्या नावाने उघडत नाहीत, त्यांना \\.\कॉम१० असं पूर्ण नाव द्यावं लागतं. काही सॉफ्टवेअर हे आतल्या आत करतात, काही करत नाहीत. कॉम८ वर चालणारी जोडणी कॉम१२ वर मुकाट मरते ती यामुळे.

हिरवा दिवा पाहून फसू नका

होस्ट डिव्हाइस मोडमध्ये एक्सपीला केबल दिसतच नाही. त्याला दिसतो व्हर्च्युअलबॉक्सने उभा केलेला १६५५०ए जातीचा यूआर्ट (सिरीयल पोर्टची चिप), जुन्या मदरबोर्डवर असायचा तसा. तो कायम तिथेच असतो. त्यामुळे केबल उपटून खिशात घातली तरी एक्सपीचा डिव्हाइस मॅनेजर ‘धिस डिव्हाइस इज वर्किंग प्रॉपर्ली’ म्हणतो. गेस्टमधली ही खूण बाहेरच्या केबलबद्दल काहीच सांगत नाही.

याचीच दुसरी बाजू: मशीन चालू असताना केबल हलली, किंवा लॅपटॉप झोपून उठला, तर होस्टवर केबल परत येते पण व्हर्च्युअलबॉक्सने धरलेला जुना दुवा बहुतेक वेळा मेलेला असतो. गेस्ट रीस्टार्ट करून भागत नाही. गेस्ट पूर्ण बंद करा आणि परत चालू करा. ‘सेव्ह स्टेट’ करून दुसऱ्या दिवशी उघडण्याची सवय असेल तर ती या मशीनपुरती सोडा. होस्टच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची मुभा’ देणारी खूणही काढा. जेवणाच्या सुट्टीनंतर कम्युनिकेशन जात असेल तर निम्म्या वेळा कारण हेच असतं.

दोन आणि तीन पिन जोडून पाहा

या पोस्टमधला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा. नऊ पिनांच्या पोर्टवर पिन २ वर माहिती येते, ३ वरून जाते, ५ ग्राउंड. यूएसबी केबलच्या टोकाला पिन २ आणि ३ एका जंपर वायरने जोडा. आता जे पाठवाल तेच परत येईल.

आधी गेस्ट बंद ठेवून होस्टवर पुट्टी (पोर्टवर अक्षरं पाठवायचं-वाचायचं सॉफ्टवेअर) उघडा, सिरीयल निवडा, कॉम७, फ्लो कंट्रोल (कधी पाठवायचं, कधी थांबायचं हे ठरवणारी व्यवस्था) ‘नन’. काहीही टाइप करा. अक्षर उमटलं तर केबल, ड्रायव्हर आणि होस्टचा पोर्ट तिन्ही धडधाकट. जंपर काढल्यावर अक्षर उमटायचं थांबलं पाहिजे. तरीही उमटत असेल तर ती लोकल इको आहे, म्हणजे टाइप केलेलं पुट्टी स्वतःच दाखवतेय, चाचणीचा काही उपयोग नाही.

मग पुट्टी बंद करा. हे वेगळं सांगायचं कारण विंडोजमध्ये कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. टास्कबारवर दडलेली पुट्टी, आर्डुइनोचा सिरीयल मॉनिटर, केबलसोबत आलेली एखादी टूल, वजनकाट्याचं बिलिंग सॉफ्टवेअर, यातलं काहीही पोर्ट धरून बसलं असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला तो मिळत नाही. संगणक चालू होताच आपोआप सुरू होणारे प्रोग्राम यात खास संशयित, कारण ते काल बंद होते आणि आज रीस्टार्टनंतर जागे झाले.

आता गेस्ट चालू करून एक्सपीतल्या हायपरटर्मिनलमध्ये कॉम१ वर तीच चाचणी. इथे एक खोच आहे: हायपरटर्मिनल फ्लो कंट्रोल मुळात ‘हार्डवेअर’ धरतो. तुम्ही फक्त २ आणि ३ जोडल्यात, सीटीएसची (पाठवायची परवानगी देणारी) ८ नंबरची पिन हवेत आहे, त्यामुळे तो परवानगीची वाट बघत एकही अक्षर पाठवत नाही. ‘नन’ करा, किंवा ७ आणि ८ सुद्धा जोडा.

होस्टवर पास आणि गेस्टमध्ये नापास, तर दोष व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये किंवा ताब्यात. दोन्हीकडे पास, तर व्हर्च्युअल मशीनला दोष देणं थांबवा आणि पीएलसीकडे जाणाऱ्या केबलकडे वळा. सरळ केबलच्या जागी क्रॉस हवी असते, म्हणजे एकीकडची ३ दुसरीकडच्या २ वर, किंवा उलट. आरएस-४८५ (ए आणि बी अशा दोन तारांवरची सिरीयल जोडणी) कन्व्हर्टर असेल तर ही जंपरची युक्ती चालत नाही. तिथे आधी ए आणि बी तारांची अदलाबदल करून बघा.

अक्षरं येतात पण भलतीच

सगळंच अगम्य येत असेल तर बॉड रेट. पण काही अक्षरं बरोबर आणि काही चूक असतील तर पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट). सीएनसी मशीनकडून येणारा प्रोग्राम अनेकदा ७ बिट, इव्हन पॅरिटीने येतो. तो ८ बिट, पॅरिटीशिवाय वाचला तर आकड्यांपैकी ०, ३, ५, ६, ९ नीट दिसतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी चित्रविचित्र खुणा. कारण सोपं आहे. पहिल्या गटातल्या आकड्यांच्या कोडमध्ये १ बिटांची संख्या सम आहे, त्यामुळे पॅरिटी बिट शून्य राहतो आणि आकडा सुटतो. दुसऱ्या गटात संख्या विषम, म्हणून आठवा बिट १ होतो आणि अक्षर बदलतं. हा पॅटर्न दिसला की दुसरं काही तपासू नका, थेट ७ बिट इव्हन करा.

मोडबस (पीएलसी आणि उपकरणांमधला एक प्रोटोकॉल) वापरणाऱ्यांसाठी: त्याच्या आरटीयू प्रकाराच्या प्रमाणकात मूळ ठरलेली पॅरिटी इव्हन आहे, पण बाजारातली बरीच उपकरणं पॅरिटीशिवाय येतात. मॅन्युअलवर विश्वास ठेवा, अंदाजावर नको.

केबल थेट गेस्टला द्यायची की होस्टमार्फत?

दुसरा रस्ता म्हणजे यूएसबी फिल्टर लावून अख्खी केबलच गेस्टला देणं. मग होस्टवरचा कॉम पोर्ट नाहीसा होतो (अनेक जण इथे घाबरतात, पण हे असंच व्हायला हवं) आणि गेस्टमध्ये त्या चिपचा ड्रायव्हर टाकावा लागतो. एक्सपीसाठी हा ड्रायव्हर मिळवणं हाच मोठा उद्योग, कारण नवे ड्रायव्हर एक्सपीला विचारत नाहीत. म्हणून एक्सपी, विंडोज ९८ किंवा डॉससाठी मी होस्ट डिव्हाइसच घेतो: साधा यूआर्ट, वेगळ्या ड्रायव्हरची गरज नाही.

अपवाद एक. या जुन्या यूआर्टचा नेहमीचा १.८४३२ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक ११५२०० बॉडच्या वर जात नाही. एखादं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर १८७.५ केबीपीएस मागत असेल तर होस्ट डिव्हाइसमधून ते मिळणं नाही, तिथे त्या कंपनीची यूएसबी केबल थेट गेस्टलाच द्यावी लागते. व्हर्च्युअलबॉक्सच्या ७.० च्या आधीच्या आवृत्तीत यूएसबी २ आणि ३ साठी एक्स्टेंशन पॅक वेगळा टाकावा लागतो, ७.० पासून ते मूळ पॅकेजमध्येच आहे.

डॉस किंवा ९८ वापरणाऱ्यांनी कॉम१ आणि कॉम३ एकत्र चालू करू नयेत. दोघांचा इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची तार) ४ आहे. तसाच कॉम२ आणि कॉम४ यांचा ३. जुन्या सॉफ्टवेअरला हे सहन होत नाही.

केबलच नाही, पाइप आहे

होस्टवरचा एखादा प्रोग्राम गेस्टशी बोलायचा असेल, किंवा दोन गेस्ट एकमेकांशी, तर खरी केबल लागत नाही. मोड ‘होस्ट पाइप’ करा. पाइप म्हणजे दोन प्रोग्राममधली सॉफ्टवेअरची नळी. विंडोजवर पाथ \\.\पाइप\लाइन१ असा, लिनक्सवर एखादी सॉकेट फाइल, उदाहरणार्थ टीएमपी फोल्डरमध्ये.

इथे प्रश्न येतो तो ‘पाइप कोणी बनवायचा’. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘कनेक्ट टू एक्झिस्टिंग पाइप/सॉकेट’ ही खूण नसेल तर व्हर्च्युअलबॉक्स स्वतः पाइप बनवतो. खूण असेल तर आधीच असलेल्या पाइपला जाऊन चिकटतो. दोन गेस्ट जोडताना एकाला खूण नको, दुसऱ्याला हवी, आणि बिनखुणेचा गेस्ट आधी चालू करायचा. उलट क्रमाने केलंत तर दुसरा गेस्ट सुरूच होत नाही. सोमवारी चालतं, मंगळवारी नाही, अशा तक्रारीचा उगम हाच: त्या दिवशी कोणी कुठलं मशीन आधी चालू केलं. आणखी एक जाळं म्हणजे जुने लेख. व्हर्च्युअलबॉक्स ५.० च्या आधी याच जागी ‘क्रिएट पाइप’ अशी खूण होती, अर्थ अगदी उलट. जुन्या लेखातली ‘खूण करा’ ही सूचना नव्या आवृत्तीत पाळली की हमखास घोटाळा.

पाइपमधून फक्त बाइट जातात. बॉड रेटला तिथे अर्थ नसतो, आणि आरटीएस-सीटीएसच्या (परवानगी मागायच्या-द्यायच्या) तारा तर नसतातच. हार्डवेअर हँडशेक मागणारं सॉफ्टवेअर पाइपवर अडून बसलं तर आधी फ्लो कंट्रोल बंद करून पाहा.

होस्टवर पाइप बघायला पुट्टी चालते. सिरीयल लाइनच्या रकान्यात कॉम७ ऐवजी पाइपचा पूर्ण पाथ टाका. पण होस्टवरच्या सॉफ्टवेअरला कॉम नंबरच हवा असेल तर विंडोजवर कॉम०कॉम हे मोफत साधन एकमेकांना जोडलेल्या कॉम पोर्टची जोडी बनवून देतं: एक टोक व्हर्च्युअलबॉक्सला होस्ट डिव्हाइस म्हणून, दुसरं तुमच्या सॉफ्टवेअरला. ६४ बिट विंडोजवर सही असलेलीच आवृत्ती घ्या, नाहीतर ड्रायव्हर लोडच होत नाही. लिनक्सवर हेच काम सोकॅट करतो: एका बाजूला सॉकेट, दुसऱ्या बाजूला पीटीवाय (सॉफ्टवेअरने बनवलेला आभासी टर्मिनल पोर्ट), आणि पीटीवायला ‘रॉ’ आणि इको बंद हे दोन्ही पर्याय दिलेले. ते विसरलात तर गेस्टने पाठवलेलं त्यालाच परत जातं आणि दोन्हीकडे गोंधळ उडतो.

टीसीपी मोडही आहे, म्हणजे पाइपऐवजी नेटवर्कवरून जोडणी. त्यात पुट्टी ‘टेलनेट’वर नको, ‘रॉ’वर ठेवा, कारण टेलनेट स्वतःचे वाटाघाटीचे बाइट मध्ये घुसवतो आणि पीएलसीचा प्रोटोकॉल त्याने बिघडतो. रॉमध्ये लोकल लाइन एडिटिंग ‘फोर्स ऑफ’ करा, नाहीतर एंटर दाबेपर्यंत काहीच जात नाही. या रस्त्याला पासवर्ड नसतो, म्हणून कारखान्याच्या नेटवर्कवर हा पोर्ट उघडा टाकू नका.

व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही

व्हर्च्युअलबॉक्सऐवजी व्हीएमवेअर वर्कस्टेशन वापरत असाल, त्यात सिरीयल पोर्ट वाढवला आणि गेस्टमध्ये कॉम१ वर काहीच येत नाही, तर त्या मशीनच्या हार्डवेअर यादीत प्रिंटर आहे का बघा. व्हर्च्युअल प्रिंटर पहिला सिरीयल पोर्ट स्वतःसाठी घेतो, त्यामुळे तुमचा पोर्ट गेस्टमध्ये कॉम२ होतो. प्रिंटर काढा किंवा कॉम२ वापरा. नेम्ड पाइपच्या सेटिंगमध्ये ‘हे टोक सर्व्हर’ आणि ‘दुसरं टोक ॲप्लिकेशन की व्हर्च्युअल मशीन’ हे दोन्ही प्रश्न नीट वाचून उत्तरं द्या.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये खरा सिरीयल पोर्ट गेस्टला देताच येत नाही, फक्त नेम्ड पाइप मिळतो. जनरेशन २ च्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये कॉम पोर्ट दिसतही नाही. पॉवरशेलमधून ‘सेट-व्हीएमकॉमपोर्ट’ ही आज्ञा द्यावी लागते. आणि पाइप उघडणारी पुट्टी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवा, नाहीतर परवानगी नाकारली जाते. पीएलसीच्या कामाला हायपर-व्ही निवडू नका, एवढंच.

होस्ट लिनक्स असेल तर

उबुंटू, डेबियनवर तुमचं नाव ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये हवं, आर्चवर ‘यूयूसीपी’मध्ये, नाव घातल्यावर लॉग आउट करून परत या. व्हर्च्युअलबॉक्समधून यूएसबी थेट द्यायची असेल तर ‘व्हीबॉक्सयूजर्स’मध्येही. केबलचा नंबर इथेही बदलतो, म्हणून टीटीवाययूएसबी० असं न लिहिता डेव्ह फोल्डरमधल्या ‘सिरीयल’ खालचा ‘बाय-आयडी’ पाथ द्या. एकसारख्या दोन सीएच३४० असतील तर त्यांची आयडीही एकच, तेव्हा ‘बाय-पाथ’ घ्या.

सीएच३४० लावली, क्षणभर दिसली आणि गायब झाली? उबुंटू २२.०४ वर ब्रेल डिस्प्लेसाठीचा ‘बीआरएलटीटीवाय’ तिला ब्रेल उपकरण समजून ताब्यात घेतो. ब्रेल वापरणारं कोणी नसेल तर तो काढून टाका. आणि केबल लावल्यावर पहिले काही सेकंद पीएलसीकडे भलतेच बाइट जात असतील तर मोडेममॅनेजर तिला मोडेम समजून चाचपतोय.

विंडोजसारखी एकाच मालकाची सक्ती लिनक्स मुळात करत नाही. दोन प्रोग्राम एकच पोर्ट उघडू शकतात, आणि मग आलेली अक्षरं दोघांत वाटली जातात. उत्तर अर्धवट येतंय, प्रत्येक वेळी वेगळी अक्षरं गळताहेत असं दिसलं की ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूझर’ या आज्ञेने दुसरा वाटेकरी शोधा. लिनक्स गेस्टमध्ये हा वाटेकरी बहुधा टीटीवायएस० वर बसलेला लॉगिनचा ‘गेटी’ असतो.

मॅक होस्टवर त्याच केबलची दोन नावं दिसतात, टीटीवायने सुरू होणारं आणि सीयूने सुरू होणारं. सीयू घ्या. दुसरं कॅरियरच्या सिग्नलची वाट बघत अडकतं.

सगळं बरोबर, तरी मधूनच टाइमआउट

मोडबस आरटीयूत एक संदेश संपला हे ओळखायची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांइतकी शांतता. ९६०० बॉडवर, अक्षराला ११ बिट धरले, तर ती सुमारे ४ मिलिसेकंद भरते. १९२०० च्या वर ती १.७५ मिलिसेकंद ठरवून दिलेली आहे. आता एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरचा लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंद असतो: आलेले थोडे बाइट तो तेवढा वेळ जमवत थांबतो. त्यावर व्हर्च्युअल मशीनची स्वतःची दिरंगाई. सलग आलेला संदेश गेस्टपर्यंत तुकड्यांत पोहोचतो आणि सॉफ्टवेअर तो अर्धवट समजून टाकून देतं.

होस्टवर पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्डमध्ये हा टायमर १ वर आणा. सॉफ्टवेअरमधला रिस्पॉन्स टाइमआउट मोठा करा. गेस्टला दोन कोर दिल्याने एक्सपीत फायदा होईलच असं नाही, पण होस्टवर बाकीचे जड प्रोग्राम बंद केल्याने नक्की होतो. एवढं करूनही पीएलसीत प्रोग्राम लिहिताना, म्हणजे डाउनलोड करताना, एखादी चूक येत असेल तर व्हर्च्युअल मशीनवरून डाउनलोड करू नका. वाचायला, मॉनिटर करायला ते पुरतं. लिहायच्या कामासाठी खऱ्या सिरीयल पोर्टचा जुना डेस्कटॉप स्टोअरमधून काढा आणि त्याची हार्ड डिस्क आधी इमेज करून ठेवा.